रुळावर जीव गेला तर घरच्यांना पैसे कोण देणार? हा प्रश्न लावून धरणारे ना. म. जोशी

परभणीहून रेल्वेने सेलूकडे निघालं की वाटेत मानवत रोड स्टेशन लागतं. मानवत शहर तिथून काही किलोमीटर आत आहे, म्हणून नावात 'रोड'. १९०० च्या आसपास निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे झाली, मीटरगेजची. पुढे ब्रॉडगेज आलं, पण रूळ एकेरीच राहिले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली आणि मराठवाड्यातली जुनी मागणी पुढे सरकली.

बातमी आनंदाचीच आहे. पण दुहेरीकरण म्हणजे नेमकं काय, ते बघा. गाड्या धावतायत त्या चालू लाइनला खेटून खोदकाम, भराव, पूल, खडी, जेसीबी आणि माणसं. यातले बहुतेक मजूर रेल्वेचे नसतात, ठेकेदाराचे असतात.

ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर कापते. म्हणजे ६०० मीटरवर दिसलेली गाडी २२ सेकंदांच्या आत अंगावर. तेवढ्या वेळात हातातली पहार बाजूला टाकायची, रूळ ओलांडायचा, शेजारच्याला ओढायचं. म्हणून रेल्वेत लुकआउट मॅन असतो. रूळ उघडलेला असेल तर ६०० मीटरवर लाल बॅनर लावतात आणि १२०० मीटरवर रुळाला फटाके बांधतात, चाकाखाली आले की आवाज होतो आणि ड्रायव्हर सावध होतो. ब्लॉक घेतला तर त्या वेळापुरती गाडीच सोडत नाहीत.

एवढं असूनही माणसं जातात. १३ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे लासलगावजवळ टॉवर वॅगनखाली चार ट्रॅकमन गेले. २२ जानेवारी २०२४ ला वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी लोकलखाली गेले. हे सगळे रेल्वेचे स्वतःचे, कामावर असलेले लोक होते.

अशा वेळी घरच्यांपुढे दोन प्रश्न येतात. चूक कोणाची आणि आता घर कसं चालायचं? शंभर वर्षांपूर्वीपर्यंत पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हातच घालता येत नव्हता. ही गाठ कायद्याने सोडवली आणि ते काम ज्यांनी आयुष्यभर लावून धरलं, त्यातले एक होते नारायण मल्हार जोशी.

नाव ओळखीचं वाटत नसेल तर लोअर परळला या. तिथला एन. एम. जोशी मार्ग तो यांचाच. त्याच रस्त्यावरचा रेल्वेवरून जाणारा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि पाच वर्षं लोकांचे हाल झाले. तो बंद झाला कारण त्याआधी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला आणि सगळ्या पुलांची तपासणी सुरू झाली. गोखले हे जोशींचे गुरू. गुरूच्या नावाचा पूल पडला आणि शिष्याच्या रस्त्यावरचा बंद झाला, असा हा योगायोग.

मास्तर ते कामगार पुढारी

जोशींचा जन्म ५ जून १८७९ चा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. मुंबईतलं गोरेगाव नव्हे, रायगडातलं माणगावजवळचं. शिक्षण पुण्यात झालं, १९०१ मध्ये डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली. मग काही वर्षं मास्तरकी. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखलेंच्या भारत सेवक समाजात गेले. तिथे जाणं म्हणजे तुटपुंज्या मानधनावर आयुष्य सार्वजनिक कामाला देणं.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने. परळचं दामोदर नाट्यगृह याच संस्थेचं, हे नाटकवाल्यांना माहीत असतं, बाकीच्यांना क्वचितच. चाळीतल्या एकेका घराची अडचण सोडवताना जोशींच्या लक्षात आलं असणार की औषध, पुस्तकं ठीक आहेत, पण कामाचे तास, पगार आणि अपघात यांचं काय? तिथे धर्मादाय पुरत नाही, कायदा लागतो.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवलं. त्या परिषदेत जगासाठी आठवड्याला ४८ तासांचा नियम ठरला. हिंदुस्थानासाठी मात्र वेगळं कलम, ६० तासांचं. कारखाने आणि खाणींबरोबर सरकार ठरवेल त्या रेल्वे कामांनाही ते लागू व्हायचं होतं. आज ६० तास ऐकून अंगावर काटा येतो, पण तेव्हा रेल्वेच्या माणसाला तासांची कोणतीही कायदेशीर मर्यादा असणं हीच नवी गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी मुंबईत आयटक स्थापन झाली, अध्यक्ष लाला लजपतराय. जोशी स्थापनेपासून त्यात होते आणि १९२५ पासून सरचिटणीस. १९२१ मध्ये ते कामगारांचे नियुक्त सदस्य म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि दोन दशकांहून जास्त काळ तिथे राहिले. त्याच सुमारास मद्रासमध्ये एका गिरणीने संप केला म्हणून युनियनच्या पुढाऱ्यांनाच कोर्टात खेचलं होतं. संघटना करणंच गुन्ह्यासारखं असेल, तर साइटवर लुकआउट मॅन द्या असं सांगायला तोंड कोण उघडणार? युनियनला कायद्याचं संरक्षण द्या, असा ठराव जोशींनी १९२१ मध्ये मांडला. त्याचा कायदा व्हायला १९२६ उजाडलं.

३० महिन्यांचा पगार

आता मूळ मुद्दा. १९२३ पूर्वी गँगमन गाडीखाली गेला तर काय व्हायचं? १८५५ चा एक कायदा होता. वारसांनी दिवाणी कोर्टात जायचं आणि मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा. ज्या घरात महिन्याचं पीठ उधारीवर येतं, त्याने वकील करून रेल्वे कंपनीशी भांडायचं! वर इंग्लंडहून आलेला एक युक्तिवाद मालकांच्या हाताशी होता. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला असेल, तर मालक जबाबदार नाही. रेल्वेत हे जरा लावून बघा. ड्रायव्हर चुकला, स्टेशन मास्तर चुकला, पॉइंट्समन चुकला, तर ते सगळे सहकारीच. मग कंपनी कधी जबाबदार धरायची?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ही वाट बदलली. विधेयक सरकारचं होतं. सभागृहात कामगारांची बाजू मांडायला जोशी होते. १ जुलै १९२४ पासून कायदा लागू झाला. त्याचं तत्त्व साधं होतं. कामातून आणि काम चालू असताना अपघात झाला की भरपाई द्यायची, मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. रेल्वेच्या कचेऱ्यांत कायम बसणारे सोडले तर रेल्वे नोकर त्यात आले. म्हणजे रुळावरचा माणूस आला.

रक्कम किती? मृत्यू झाला तर ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, तिथेही कमी असेल ते. महिना १२ रुपये पगार धरला तर जिवाचे ३६० रुपये झाले. फार नव्हतेच. पण मालकाच्या वहीत अपघात पहिल्यांदाच खर्चाच्या बाजूला आला. फटाके आणि झेंडेवाला यांच्यापेक्षा माणूस स्वस्त पडत असेल तर झेंडेवाला कोण ठेवतो? सुरक्षेच्या नियमांना बळ येतं ते इथून.

आणखी एक कलम तेव्हापासून आहे आणि ते आज जास्त कामाचं आहे. मालकाने आपल्या धंद्यातलं काम ठेकेदाराला दिलं, तरी ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. मालक ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. ठेकेदार पळाला म्हणून घरच्यांनी हात चोळत बसायचं कारण नाही.

पण १९२३ च्या कायद्यात एक मोठं भोक होतं. मजूर दारू प्यायलेला असेल किंवा सुरक्षेचा आदेश त्याने जाणूनबुजून मोडला असेल, तर भरपाई नाकारता यायची. मेलेला माणूस काय खुलासा करणार?

१९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन ऑन लेबर नेमलं गेलं आणि जोशी त्याचे सदस्य झाले. यावरून घरातच आग लागली. गोऱ्यांच्या आयोगावर बहिष्कार टाका, असं आयटकमधल्या डाव्या गटाचं म्हणणं होतं. नोव्हेंबर १९२९ च्या नागपूर अधिवेशनात जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तिथे बहुमत विरोधात गेलं आणि जोशी आपल्या मवाळ सहकाऱ्यांसह बाहेर पडले. स्वतः उभी केलेली संघटना सोडली, आयोग सोडला नाही. त्यांना सरकारधार्जिणं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते आणि टीका पूर्ण बिनबुडाची होती असंही नाही, कारण ते सरकारनियुक्तच होते. पण आयोगाने देशभर फिरून साक्षी घेतल्या, १९३१ मध्ये अहवाल दिला आणि १९३३ मध्ये कायदा सुधारला गेला. आता मृत्यू झाला असेल तर मजुराच्या चुकीचं कारण दाखवून भरपाई नाकारता येणार नव्हती.

या दुरुस्तीचं मोल कळायला लांब जायला नको. मानवत रोडच्याच लाइनवर, जालना आणि औरंगाबादच्या मध्ये करमाडजवळ, ८ मे २०२० च्या पहाटे १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली गेले. लॉकडाऊनमध्ये चालत गावी निघाले होते, थकून रुळावरच झोपले. ते कामावर नव्हते, त्यामुळे हा कायदा त्यांना लागू होण्याचा प्रश्न नव्हता. पण सोशल मीडियावर अनेकांचा पहिला प्रश्न होता, रुळावर झोपायचं कशाला? मेलेल्याची अक्कल आधी काढायची ही सवय जुनी आहे.

थकवा

तासांचं प्रकरण मात्र रखडत गेलं. वॉशिंग्टनच्या कराराला हिंदुस्थान सरकारने १९२१ मध्ये मान्यता दिली, पण रेल्वेसाठी कायदा आला १९३० मध्ये. सलग काम करणाऱ्यांना आठवड्याला ६० तास आणि ज्यांच्या कामात मध्ये मध्ये खंड पडतो त्यांना ८४. म्हणजे आठवड्याचे सातही दिवस रोज १२ तास! पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी १९४७ च्या निवाड्यात हे तास ५४ आणि ७५ वर आणले आणि कष्टाच्या, सतत लक्ष लागणाऱ्या कामांसाठी ४५ ठेवले. झोप न झालेल्या माणसाला २२ सेकंदही पुरत नाहीत, त्यामुळे हा हिशोब पगाराइतकाच सुरक्षेचाही होता.

१९३८ मध्ये सहकाऱ्याच्या चुकीचा तो जुना युक्तिवादही कायद्याने काढून टाकला. सगळंच जमलं असं नाही. जोशींनी १९२४ मध्ये आणलेलं बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक सभागृहाने फेटाळलं होतं. १९४० मध्ये त्यांनी भारत सेवक समाज सोडला, त्याच वर्षी ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत राहिले.

मानवतचं काय? ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे निजामाच्या राज्यात आपोआप लागू होत नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि त्यानंतर केंद्राचे कामगार कायदे मराठवाड्यात आले. जोशींनी मुंबई-दिल्लीत जे मिळवलं, ते इकडच्या मजुरापर्यंत पोचायला एक पिढी गेली.

३० मे १९५५ ला मुंबईत जोशींचं निधन झालं. १९२३ चा कायदा नंतरही चालत राहिला. २,५०० ची मर्यादा जाऊन रक्कम पगार आणि वयाच्या हिशोबाने ठरू लागली, नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला. ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारं कलमही त्यात गेलं. मात्र दावा करताना एक गोष्ट आजही दाखवावीच लागते, की तो माणूस त्या दिवशी त्या साइटवर कामाला होता. म्हणून मुकादमाच्या हजेरीत नाव चढलंय का, हे मानवत रोडच्या भरावावर जाणाऱ्याने सकाळीच बघून घ्यावं, हेल्मेट आणि जॅकेट घालतानाच.