श्वास रोखून धरलेलं रान

ऑगस्टमध्ये पावसानं तीन आठवडे ताण दिला, की रेणापूरच्या कुठल्याही रानात भर दुपारी जाऊन उभे राहा. सोयाबीनची पानं माना टाकून, फिकट पाठ वर करून असतात. आपण म्हणतो, पीक सुकायला लागलं. पण सुकायच्या आधीच पानानं एक काम उरकलेलं असतं. त्यानं दारं लावून घेतलेली असतात. पानावर डोळ्यांना न दिसणारी हजारो पर्णरंध्रं असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि त्याच वाटेनं कार्बन डायऑक्साइड आत येतो. पाणी वाचवायचं तर दार लावायचं, आणि दार लावलं की जेवण बंद. २०१६ मध्ये आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. माणसांसाठी अशी गाडी येते, रानासाठी येत नाही.

झाडाचं हे जेवण मोजायचा ध्यास घेतलेला एक माणूस शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात होता. नाव तुम्हाला माहीत आहे, जगदीशचंद्र बोस. वनस्पतींना संवेदना असतात हे सांगणारे शास्त्रज्ञ, एवढ्या एका ओळीत आपण त्यांना शाळेत उरकलेलं असतं.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आजच्या बांगलादेशातला. वडील सरकारी हुद्द्यावर, तरी त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता आधी गावच्या बंगाली शाळेत घातलं. तिथं सोबतीला कोळ्याचा मुलगा होता. पुढं डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण तापानं बेजार झाल्यामुळं ते सोडलं आणि केंब्रिजला विज्ञान शिकले. १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, तर भारतीय म्हणून गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार. बोस यांनी तीन वर्षं नेमानं शिकवलं आणि पगार घेतलाच नाही. घरावर कर्ज असताना, बरं का! शेवटी सरकारला थकबाकीसह पूर्ण पगार द्यावा लागला.

रेडिओलहरींवरच्या कामानं नाव झालं. तरी चाळिशी ओलांडल्यावर ते झाडांकडं वळले. भौतिकशास्त्राच्या माणसानं आपल्या शेतात शिरलेलं लंडनच्या काही बड्या मंडळींना रुचलं नाही. बोस थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था उभी केली.

तुम्ही काचेच्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून बुडबुडे मोजलेत ना? बोस यांनी तोच प्रयोग यंत्रावर चढवला. ऑक्सिजनचा बुडबुडा सुटला की विजेचं मंडल पूर्ण व्हायचं, घंटी वाजायची आणि कागदावर खूण उमटायची. झाड किती जेवलं याचा हिशेब झाड स्वतःच लिहायचं. या हिशेबात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलासारखी वागत नव्हती. तिच्या रसात आम्ल जास्त होतं आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड नसतानाही ती ऑक्सिजन सोडत होती. मग कार्बन येतो कुठून? त्यांनी बोट ठेवलं मॅलिक आम्लावर. प्रकाशसंश्लेषणावरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये आला. या निरीक्षणाकडं तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. २३ नोव्हेंबर १९३७ ला बोस गिरिडीहला वारले.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानात एक वेगळा मार्ग उलगडला. तिथं कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात बांधला जातो, आणि त्यातलं एक मुख्य आम्ल म्हणजे हेच मॅलिक! या मार्गाला सी-फोर म्हणतात. उन्हाळ्यात गरम पाण्यात कार्बनची टंचाई झाली की हायड्रिलाही तसाच मार्ग धरते, हे आणखी पुढं कळलं. बोस यांना सगळा मार्ग सापडला होता असं म्हणणं जास्त होईल. ते उंबऱ्यापर्यंत पोचले होते.

आता पुन्हा रानात या. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही सगळी सी-फोर. दार किलकिलं ठेवूनही ती पुरेसा कार्बन ओढतात, म्हणून तेवढ्याच पाण्यात जास्त वाढतात. सोयाबीन, तूर, हरभऱ्याला ते जमत नाही. (उसाला यावरून शाबासकी देऊ नका. प्रत्येक घोटाला तो काटकसरी, पण वर्षभर पीत राहतो.) आपल्याकडं खरिपाची ज्वारी मागं पडून सोयाबीन आलं ते भावामुळं, आणि शेतकऱ्याला त्याचा दोष देता येत नाही. पण ताण पडला की त्या रानाचं जेवण आधी थांबतं.

ही गोष्ट शिवारापुरती नाही. माणूस जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग जमिनीवरची झाडं आणि माती पोटात घेतात. हा आकडा दर वर्षी खालीवर होतो आणि त्यात आपल्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशांचा मोठा हात असतो. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णता आणि दुष्काळ एकत्र आले. तिथल्या रानांनी, जंगलांनी कार्बन घ्यायचा सोडून उलट हवेत सोडला. सुमारे चार वर्षांची कमाई एका वर्षात गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

तुमच्या विहिरीत किंवा तळ्यात हायड्रिला असेल तर एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात तिचे बुडबुडे मोजा. मे महिन्यात पाणी उरलं असेल तर.