चेतकची चाकं एवढी लहान का? हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरची गोष्ट

वैराग-बार्शी रोडला जुनी बजाज चेतक दिसली तर तिची चाकं नीट बघा. जुन्या बुलेटचं चाक 19 इंची, चेतकचं फक्त 10 इंची! हा फरक आला एका इटालियन इंजिनिअरमुळे, ज्यांना मोटरसायकल अजिबात आवडायची नाही. त्यांचं नाव कोराडिनो द'आस्कानिओ.

वेड हेलिकॉप्टरचं

1 फेब्रुवारी 1891 ला पोपोली गावात त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षीच त्यांनी ग्लायडर बनवलं. 1930 मध्ये त्यांचं हेलिकॉप्टर रोमजवळ 18 मीटर उंच गेलं, तो तेव्हा विक्रम होता. पण धंदा काही उभा राहिला नाही. 1932 मध्ये ते पियाजिओ कंपनीत विमानांचे पंखे डिझाइन करायला गेले.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्धानंतर मालक एनरिको पियाजिओ यांना लोकांना परवडेल अशी दुचाकी हवी होती. काम आलं द'आस्कानिओंकडे.

मोटरसायकल नको, मग काय?

चेनचं ग्रीस कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढणं म्हणजे डोक्याला ताप. या त्यांच्या तक्रारी. म्हणून त्यांनी चेनच काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाजवळ बसवलं. चासीच्या नळ्यांऐवजी पत्र्याची अखंड बॉडी केली. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, म्हणजे स्टेपनी झटकन बदलता येते. 23 एप्रिल 1946 ला पेटंटचा अर्ज झाला. गाडीचं नाव व्हेस्पा, चाकं 8 इंची.

लहान चाकानं काय होतं?

हँडलच्या दांड्याची तिरकी रेघ मनातच जमिनीपर्यंत ओढा. ती जिथं टेकते, त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. हॉस्पिटलच्या स्ट्रेचरची चाकं ढकलल्यावर आपोआप मागे वळतात ना, तोच प्रकार. ट्रेल जास्त असला की गाडी सरळ धावायला बघते, कमी असला की पटकन वळते.

दांड्याचा तिरकेपणा तोच ठेवून चाक लहान केलं की ट्रेल कमी होतो. शिवाय हलक्या चाकाचा फिरताना गाडी स्थिर ठेवणारा जोरही कमी. म्हणून स्कूटर गल्लीबोळात मस्त वळते, पण वेगात हँडल चुळबुळ करतं. खड्ड्यात मोठं चाक वरून निघून जातं, लहान चाक आत उतरतं. त्यात इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे वजनही तिकडेच जास्त.

म्हणूनच जुन्या गाडीला पुढं मोठं चाक बसवायच्या आधी विचार करा. पुढचा भाग उचलला जातो, ट्रेल वाढतो आणि हँडल जड लागतं.

इटलीतून आकुर्डीत

1960 च्या दशकात बजाजनं पियाजिओच्या परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीत व्हेस्पा बनवली. 1971 मध्ये परवाना संपला. 1972 मध्ये त्याच घडणीची चेतक आली आणि घराघरात पोचली.

द'आस्कानिओ पुढंही हेलिकॉप्टरच्या मागे लागले होते. प्रयोग केले, नमुने उडवले, पण त्यातलं एकही मोठ्या संख्येनं तयार झालं नाही. 6 ऑगस्ट 1981 ला पिसा शहरात त्यांचं निधन झालं. तेव्हा आपल्याकडे लोक चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत होते.