आतड्याच्या आकुंचनातून ‘पी’चा शोध घेणारे उल्फ फॉन ऑयलर

नवी दिल्ली, ७ फेब्रुवारी : ॲट्रोपीन दिल्यानंतर आतड्याचा तुकडा शांत राहील, अशी अपेक्षा होती, तो तरीही आकसला. लंडनमधील हॅम्पस्टेड येथे हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत १९३० च्या सुमारास दिसलेल्या या विसंगतीकडे पंचविशीतील एका स्वीडिश संशोधकाने दुर्लक्ष केले नाही. त्या उल्फ फॉन ऑयलर यांची आज जयंती.

स्टॉकहोम येथे ७ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील हान्स फॉन ऑयलर-केल्पिन हे १९२९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी, तर आई अस्ट्रिड क्लेव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान घरचेच होते.

मज्जातंतू उद्दीपित झाल्यावर आतड्यातून ॲसिटिलकोलीन स्रवते काय, हे तपासण्याचे काम लंडनमध्ये त्यांच्याकडे आले. ॲसिटिलकोलीनमुळे आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात आणि धोत्र्यासारख्या वनस्पतींत आढळणारे ॲट्रोपीन हा परिणाम रोखते, हे तेव्हा ठाऊक होते. परंतु आतड्याचा अर्क सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर सोडला असता ॲट्रोपीन असूनही आकुंचन झाले. म्हणजे अर्कात आणखी काही तरी होते. जॉन गॅडम यांच्यासमवेत त्यांनी घोड्याचे आतडे आणि मेंदू या दोहोंतून तोच परिणाम देणारा पदार्थ मिळवला व १९३१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा पदार्थ रक्तदाबही उतरवीत असे. आतडे आणि मेंदू यांच्यात एक समान रासायनिक दुवा असावा, ही गोष्ट त्या काळी विलक्षणच होती.

नाव मात्र अगदी साधे पडले. प्रयोगाच्या आलेखांवर या पदार्थासाठी ‘पी’ हे अक्षर लिहिले जाई, ‘प्रिपरेशन’चे आद्याक्षर म्हणून. त्यावरूनच पुढे ‘सब्स्टन्स पी’ हे नाव रूढ झाले. तो प्रथिनासारखा असल्याचे फॉन ऑयलर यांनी लवकरच दाखवून दिले; पण त्याची रचना उलगडण्याइतकी साधने त्या वेळी कोणापाशीच नव्हती. ‘पी’ दीर्घकाळ एक अशुद्ध भुकटीच राहिला.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ते १९३९ ते १९७१ या काळात प्राध्यापक होते. प्रोस्टाग्लँडिन हे नाव त्यांनीच दिले. अनुकंपी मज्जातंतूंचा संदेशवाहक नॉरॲड्रेनॅलिन असल्याचे त्यांनी १९४६ मध्ये दाखवले. याच क्षेत्रातील कार्यासाठी १९७० चे नोबेल त्यांना बर्नार्ड कॅट्झ व ज्युलियस ॲक्सलरॉड यांच्यासह मिळाले. त्या वेळी ते नोबेल प्रतिष्ठानचे अध्यक्षही होते. अर्थात विजेत्यांची निवड प्रतिष्ठान करीत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत सुसान लीमन निराळ्याच संप्रेरकाच्या शोधात होत्या. गुरांच्या मेंदूच्या अर्काने उंदरांना लाळ सुटते, असे त्यांना आढळले आणि शुद्ध केलेला तो पदार्थ ‘पी’च निघाला. ११ अमिनो आम्लांची त्याची साखळी १९७१ मध्ये निश्चित झाली. चाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर भुकटीला रासायनिक ओळख मिळाली, तीही तिच्या शोधकर्त्याच्या हयातीत.

त्यानंतर आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंतच ‘पी’ सापडला. अन्नाचा गोळा पुढे सरकताना त्याच्या मागील बाजूचे मज्जातंतू ॲसिटिलकोलीन व ‘पी’ स्रवून स्नायू आवळतात. पुढील बाजूस व्हीआयपी हे न्यूरोपेप्टाइड आणि नायट्रिक ऑक्साइड स्नायू सैल करतात. ॲट्रोपीनला न जुमानणाऱ्या त्या आकुंचनाचा उलगडा यातूनच होतो.

फॉन ऑयलर यांचे ९ मार्च १९८३ रोजी स्टॉकहोम येथे निधन झाले. ‘पी’ ज्या ग्राहकाला चिकटतो, तो अडवणाऱ्या ॲप्रेपिटंट या औषधाला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. कर्करोगावरील केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व उलटी टाळण्यासाठी ते रुग्णांना दिले जाते.