साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या डायरीतली ‘डेब’ पुढे कुठे गेली? पीप्सच्या ओळखीच्या माणसांचा शोध असा लागला

लंडन, २ सप्टेंबर १६६६. पहाटे तीनच्या सुमारास मोलकरीण एका सरकारी अधिकाऱ्याला झोपेतून उठवते आणि शहरात आग लागल्याचं सांगते. तो खिडकीतून बघतो. आग लांब आहे असं समजून पुन्हा झोपी जातो. पुढचे चार दिवस लंडन जळत राहतं.

हा अधिकारी म्हणजे सॅम्युएल पीप्स. त्या आगीबद्दल आज जगाला जे माहिती आहे, त्यातलं बरंचसं त्याच्या डायरीमुळे. पण त्याला उठवणारी मोलकरीण कोण होती? त्या दिवसाच्या नोंदीत तिचं फक्त पहिलं नाव आहे, ‘जेन’.

पीप्सच्या डायरीत अशी शेकडो माणसं आहेत. ती नेमकी कोण, हे शोधण्यात संशोधकांच्या पिढ्या गेल्या.

आधी पीप्स कोण ते बघू.

पीप्सचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ चा. वडील लंडनमध्ये शिंपी होते. हुशारीच्या जोरावर पोरगा केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजपर्यंत पोहोचला. १६५५ मध्ये त्याने एलिझाबेथशी लग्न केलं, तेव्हा ती १४ वर्षांची होती. पुढे एका बड्या नातेवाइकाच्या ओळखीने त्याला नौदलाच्या कारभारात मोठी नोकरी मिळाली.

१ जानेवारी १६६० ला त्याने डायरी लिहायला घेतली आणि ३१ मे १६६९ ला थांबवली. आपण आंधळे होऊ अशी भीती त्याला वाटत होती. तो आंधळा काही झाला नाही, पण डायरी कायमची बंद पडली. तोवर दहा लाखांहून जास्त शब्द लिहून झाले होते.

प्लेग, आग, लढाया, नाटकं, जेवणं, लाच, भांडणं, सगळं त्यात आहे. आपली मुंबईसुद्धा आहे! पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्रजांच्या राजाला मिळाली, पण तिथले पोर्तुगीज बेट ताब्यात देईनात. या व्यवहारात आपली फसगत झाल्याची बातमी पीप्सने मे १६६३ मध्ये टिपून ठेवली होती.

मग माणसं ओळखणं एवढं अवघड का?

पहिलं कारण म्हणजे लिपी. पीप्सने डायरी शॉर्टहँडमध्ये लिहिली होती. त्याच्या मृत्यूनंतर त्याची सुमारे ३००० पुस्तकं १७२४ मध्ये मॉडलिन कॉलेजला गेली, त्यात डायरीचे सहा खंडही होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याला ती उलगडायचं काम मिळालं. तीन वर्षं तो अक्षरशः डोकं फोडत होता. गंमत म्हणजे त्या शॉर्टहँडचं पुस्तक पीप्सच्याच संग्रहात होतं, पण हे स्मिथला कुणी सांगितलंच नाही.

दुसरं कारण साधं आहे. पीप्स स्वतःसाठी लिहीत होता. आपल्याच मोलकरणीची किंवा शेजाऱ्याची ओळख स्वतःला कशाला करून द्यायची? त्यामुळे कुणाचं आडनाव नाही, कुणाचं पहिलं नाव नाही, आणि एकाच नावाची दोन-दोन माणसं.

मग संशोधक इतर कागदांकडे वळले. चर्चच्या रजिस्टरमधल्या जन्म, लग्न आणि दफनाच्या नोंदी. मृत्युपत्रं. नौदलाची दप्तरं. घरातल्या चुली मोजून लावलेल्या कराच्या याद्या. डायरीतली तारीख आणि गल्ली या कागदांशी जुळली की माणूस सापडायचा. १९७० ते १९८३ या काळात डायरीची ११ खंडांची आवृत्ती निघाली, त्यातला अख्खा दहावा खंड माणसं, ठिकाणं आणि त्या काळाच्या माहितीसाठी आहे.

या शोधातून ‘जेन’ म्हणजे जेन बर्च हे कळलं. घर नीट आवरलं नाही म्हणून पीप्सने तिला १६६० मध्ये झाडूने मारलं होतं. हेही त्यानेच लिहून ठेवलंय. पुढे पीप्सकडेच काम करणाऱ्या टॉम एडवर्ड्सशी तिचं लग्न झालं. ती विधवा झाल्यावर पीप्सने तिला वर्षासन बांधून दिलं.

सगळ्यांच्या वाट्याला एवढीही ओळख आली नाही. विल्यम बॅगवेल हा जहाजावरचा सुतार. त्याला बढती हवी होती आणि ती पीप्सच्या हातात होती. याचा फायदा घेऊन पीप्सने त्याच्या बायकोचं शोषण केलं. ती डायरीत पुन्हा पुन्हा येते, पण फक्त ‘बॅगवेलची बायको’ म्हणून. तिचं पहिलं नाव त्याने एकदाही लिहिलेलं नाही.

आणि डेब?

डेब विलेट १६६७ मध्ये एलिझाबेथची सोबतीण म्हणून घरात आली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. ऑक्टोबर १६६८ मध्ये एलिझाबेथने नवऱ्याला तिच्यासोबत पकडलं. घरात रणकंदन झालं. नोकरी मात्र डेबची गेली. १६६९ मध्ये डायरी संपली आणि वाचकांसाठी डेबही तिथेच संपली.

२००६ मध्ये केट लव्हमन या अभ्यासक महिलेने तिचा पुढचा माग मांडला. डेबने १६७० मध्ये जेरेमाया वेल्स नावाच्या धर्मशास्त्राच्या पदवीधराशी लग्न केलं. त्यांना दोन मुली झाल्या. वेल्सला जहाजावर पाद्र्याची नोकरी लागली, आणि ती मिळवून देण्यात पीप्सचाच हात होता. १६७८ मध्ये, तिशीही गाठायच्या आत डेब वारली.

म्हणजे डायरी थांबली तरी पीप्सचा तिच्या आयुष्याशी असलेला संबंध तुटला नव्हता. पण त्याच्या पानांबाहेर तिचं स्वतःचं घर होतं, नवरा होता, लेकी होत्या.

पीप्स पुढे नौदलाचा सर्वात मोठा प्रशासक झाला. रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या पहिल्या पानावर त्याचं नाव छापलंय. २६ मे १७०३ ला तो वारला, तेही विल ह्युअरच्या घरी. हा ह्युअर १६६० मध्ये त्याच्याकडे नोकर म्हणून आला होता. ह्युअर पुढे श्रीमंत झाला, त्यामुळे त्याची माहिती सहज मिळते. बॅगवेलच्या बायकोचं नाव मात्र डायरीबाहेरच शोधावं लागतं.