सयामच्या राजवाड्यातील नगरची शिक्षिका

'द किंग अँड आय' या १९५६च्या चित्रपटाने सयामच्या राजपुत्रांना इंग्रजी शिकवणारी कुलीन, गोरी शिक्षिका जगभर पोहोचवली. ही व्यक्तिरेखा ज्यांच्यावर बेतली होती, त्या अ‍ॅना लिओनोवेन्स आपण वेल्समध्ये जन्मलेल्या कॅप्टनची कन्या असल्याचे सांगत. प्रत्यक्षात त्यांचा जन्म अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). हे सत्य त्यांनी अखेरपर्यंत दडवून ठेवले.

२६ नोव्हेंबर १८३१ रोजी अ‍ॅना जन्मल्या, त्याच्या तीन महिने आधीच त्यांचे वडील थॉमस एडवर्ड्स यांचे निधन झाले होते. मुंबई इलाख्याच्या सैन्यात ते सार्जंट होते. आई मेरी अ‍ॅन ग्लासकॉट यांचे वडील इंग्रज अधिकारी, तर त्यांची आजी भारतीय वंशाची असावी, असे अभ्यासक मानतात. आईने पुन्हा एका सैनिकाशीच लग्न केले आणि अ‍ॅना यांचे बालपण लष्करी वस्त्यांमध्ये गेले. १८४९ मध्ये पुण्यात त्यांचा विवाह थॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशी झाला. पतीच्या नावाचे शेवटचे दोन भाग जोडूनच पुढे 'लिओनोवेन्स' हे आडनाव तयार झाले.

नोकरीच्या शोधात हे दाम्पत्य ऑस्ट्रेलियात पर्थला आणि तेथून पेनांगला गेले. दोन अपत्ये तान्हेपणीच दगावली. १८५९ मध्ये पेनांगला पतीचेही निधन झाले, तेव्हा अ‍ॅना अवघ्या २७ वर्षांच्या होत्या. पदरी दोन लहान मुले आणि हाताशी काहीच नाही, अशी त्यांची अवस्था होती. त्यांनी सिंगापूर गाठले आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. याच सुमारास त्यांनी आपला पूर्वेतिहासही नव्याने रचला. दिवंगत कारकून पती लष्करी अधिकारी झाला, जन्मस्थान वेल्समध्ये गेले आणि जन्मवर्षही तीन वर्षे पुढे सरकले.

या बनावामागे त्या काळाचे वास्तव होते. इंग्लंडमध्ये शिक्षकांना सरकारी प्रमाणपत्रे देण्याची पद्धत १८४६ पासून रुजू लागली होती. वसाहतींमध्ये मात्र इंग्रजी शिकवणाऱ्या स्त्रीची पात्रता तिचे कुळ, उच्चार आणि रीतिरिवाज यांवरच जोखली जाई. बराकीत वाढलेल्या मिश्रवंशीय विधवेला प्रतिष्ठितांच्या घरी शिकवणीसाठी प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य होते. अ‍ॅना यांच्याकडे अध्यापनाचा अनुभव होता. पण त्या अनुभवाला बाजारात किंमत येण्यासाठी त्यांना खोट्या वंशावळीचा आधार घ्यावा लागला.

सयामचे राजे मोंगकुत यांना आपल्या मुलांसाठी आणि राण्यांसाठी इंग्रजी शिक्षिका हवी होती. युरोपीय सत्तांच्या रेट्यात राज्य टिकवायचे, तर पुढच्या पिढीला इंग्रजी यायलाच हवे, हे त्यांनी ओळखले होते. यापूर्वी मिशनऱ्यांच्या पत्नी राजवाड्यात शिकवीत. पण त्यांचा ओढा धर्मप्रसाराकडे होता. म्हणून धर्मांतराचा प्रयत्न करायचा नाही, ही अट नव्या शिक्षिकेला घालण्यात आली. सिंगापूरमधील सयामचे वकील तान किम चिंग यांच्यामार्फत निवड झाली आणि १८६२ मध्ये अ‍ॅना बँकॉकला दाखल झाल्या. पाच वर्षे त्यांनी तेथे शिकवले. त्यांच्या विद्यार्थ्यांत आठ वर्षांचे चुलालोंगकोर्नही होते. हेच राजपुत्र १८६८ मध्ये राजे झाले. त्यांनी सयाममधील गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवली आणि १९०५ मध्ये तिच्यावर कायद्याने शेवटचा घाव घातला. या सुधारणांमागे अ‍ॅना यांचा प्रभाव किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

१८६७ मध्ये सयाम सोडल्यावर त्या अमेरिकेत गेल्या. १८७०चे 'द इंग्लिश गव्हर्नेस अ‍ॅट द सायमीज कोर्ट' आणि त्यानंतरचे राणीवशावरील पुस्तक यांनी त्यांना प्रसिद्धी दिली. पण याच लेखनावर सर्वाधिक आक्षेप आहेत. मोंगकुत हे २७ वर्षे भिक्षू म्हणून राहिलेले विद्वान आणि खगोलशास्त्राचे जाणकार होते. अ‍ॅना यांनी त्यांना लहरी, क्रूर राजा म्हणून रंगवले. त्यांच्या आठवणींवर आधारलेले चित्रपट थायलंडने आपल्याकडे दाखवू दिले नाहीत, त्याचे मूळ येथे आहे.

पुढे कॅनडातील हॅलिफॅक्स येथे स्थायिक झाल्यावर १८८७ मध्ये 'व्हिक्टोरिया स्कूल ऑफ आर्ट'च्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. ही संस्था आज विद्यापीठ म्हणून नांदते आहे. १८९७ मध्ये लंडनला त्यांची आणि राजे चुलालोंगकोर्न यांची भेट झाली. १९ जानेवारी १९१५ रोजी मॉन्ट्रियल येथे त्यांचे निधन झाले.

१९७०च्या दशकात ब्रिटिश संशोधक डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेल्सची कहाणी कोसळली. पात्रतेबाबत अ‍ॅना खोटे बोलल्या, यात शंका नाही. मात्र राजपुत्रांना इंग्रजी शिकवण्याचे काम त्यांनी पाच वर्षे प्रत्यक्ष केले होते आणि त्यासाठी वेल्समध्ये जन्मण्याची गरज पडली नव्हती. एका राजाच्या बदनामीचा दोष त्यांच्याकडे जातोच. नगरच्या जन्माची लाज वाटायला लावणाऱ्या त्या काळालाही आपला वाटा उचलावा लागेल.