हाजी मोहंमद मोहसिन : ज्यांच्या वक्फावर बंगालची मुलं शिकली

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एकच धावपळ सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, शाळेचा बोनाफाईड, आणि मग स्कॉलरशिपचा फॉर्म. गरीब घरातल्या मुस्लिम मुलाच्या फीसाठी वेगळा पैसा बाजूला काढायचा, ही गोष्ट आज आपल्याला सवयीची झाली आहे. दीडशे वर्षांपूर्वी बंगालमध्ये ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. त्यामागे पैसा होता एका बिनलग्नाच्या, साध्या राहणीच्या हाजींचा, आणि ते स्वतः तोवर साठ वर्षांपूर्वीच अल्लाहला प्यारे झाले होते.

हाजी मोहंमद मोहसिन यांचा जन्म १७३२ च्या सुमारास हुगळीचा. हुगळी हे कलकत्त्याच्या वर, नदीकाठचं जुनं बंदर. वालिद हाजी फैजुल्ला, वालिदा जैनब खानम. जैनब खानम यांचं हे दुसरं लग्न. पहिले पती आगा मोताहर यांची जेसोर भागात मोठी जहागीर होती आणि ती त्यांनी आपल्या मुलीच्या, मन्नूजान यांच्या नावे ठेवली होती. म्हणजे मोहसिन आणि मन्नूजान ही एका आईची, दोन बापांची मुलं. बहीण वयाने मोठी, दौलतही तिची. पण दोघांमधली माया सख्ख्यांपेक्षा कमी नव्हती. घरी ठेवलेल्या उस्तादाकडे अरबी-फारसीची तालीम झाली. पुढची तालीम मुर्शिदाबादला. कुस्ती आणि तलवारबाजीतही ते तरबेज होते म्हणतात, आणि अक्षर इतकं सुंदर की हाताने कुरआन शरीफच्या प्रती उतरवून देत.

मग ते प्रवासाला निघाले. हज केला, मदिना, करबला, नजफ पाहिलं, इराण आणि तुर्कस्तान फिरले. पंचवीसहून जास्त वर्षं ते बाहेर होते असं चरित्रकार सांगतात. परतले तेव्हा म्हातारपण आलेलं, बायको-मुलं नाहीत, स्वतःच्या गरजा जवळजवळ शून्य. इकडे मन्नूजान बेगमचे पती मिर्झा सलाहुद्दीन लवकर गेले होते. सैदपूरची जमीनदारी त्या एकट्याच सांभाळत होत्या. त्या काळात एका विधवा बाईने एवढा कारभार चालवणं सोपं नव्हतं, आणि मोहसिनसाहेबांच्या नावाने चालणाऱ्या दानाच्या गोष्टीत या बहिणीचं नाव मागे पडतं हे मला नेहमी खटकतं. त्यांनाही मूल नव्हतं. १८०३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि सगळी इस्टेट भावाकडे आली. भावाचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात.

तीन वर्षांत त्यांनी निकाल लावला. १८०६ साली वक्फनामा करून संपूर्ण जमीनदारी अल्लाहच्या नावे केली. उत्पन्नाचे नऊ हिस्से पाडले. तीन हिस्से मोहरम, फातेहा आणि इमामबाड्याच्या देखभालीसाठी. चार हिस्से नोकरचाकरांचे पगार, पेन्शन आणि गरजूंच्या तनख्यासाठी. उरलेले दोन हिस्से दोन मुतवल्लींना, त्यांच्या कामाचा मोबदला म्हणून. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. कुरआनच्या प्रती उतरवून ते आपला खर्च भागवत असं बंगालमध्ये घरोघरी सांगतात. २९ नोव्हेंबर १८१२ रोजी त्यांची हयात संपली. हुगळीच्या इमामबाड्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

आता या वक्फनाम्यात स्कॉलरशिप हा शब्द कुठे आहे? कुठेच नाही. शाळा-कॉलेजांचाही स्पष्ट उल्लेख नाही. मग मुलांच्या फीपर्यंत हा पैसा पोचला कसा, हा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण वाटेत तो पैसा एकदा हातातून निसटलाही होता.

मोहसिनसाहेब असेपर्यंत कारभार नीट होता. ते गेल्यावर मुतवल्लींवर अफरातफरीचे आरोप झाले. वक्फाच्या जमिनीची ही कहाणी आपल्याला नवी नाही, आपल्या गावातही अशी एखादी जमीन असेलच. कंपनी सरकारने कारभारात हात घातला, मुतवल्लीला हटवलं, आणि खटला थेट विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तो १८३५ साली सरकारच्या बाजूने संपला. तोवर उत्पन्न साठून मोठी रक्कम झाली होती. तिचं करायचं काय? सरकारने ठरवलं, कॉलेज काढायचं. १ ऑगस्ट १८३६ रोजी हुगळी कॉलेज सुरू झालं. त्याला जागा मिळाली ती चिनसुऱ्यातल्या नदीकाठच्या एका हवेलीत. ही हवेली बांधली होती जनरल पेरॉनने, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा फ्रेंच सेनापती तोच. मराठ्यांच्या नोकरीत कमावलेल्या पैशाची हवेली आणि मोहसिनच्या वक्फाचं कॉलेज, असा हा योगायोग.

पहिल्या काही दिवसांतच हजाराहून जास्त मुलांनी नावं घातली. पण इंग्रजी विभागात मुस्लिम मुलं अगदीच थोडी. दार सगळ्यांना उघडं होतं, कुणी हाकललं नव्हतं. तरीही मुस्लिम मुलगा आत येत नव्हता, कारण इंग्रजी कॉलेजला पोचायला आधी इंग्रजी शाळा लागते, आणि शाळेला फी लागते. घरची सुबत्ता संपलेली. १८३७ नंतर कचेऱ्यांतून फारसी गेली, तशी जुन्या शिक्षणावरची नोकरीही गेली. इंग्रजी शिकून पोरगा दीनपासून दूर जाईल ही भीती वेगळीच. बंकिमचंद्र चटर्जी याच कॉलेजात शिकले. ते शिकले याचं दुःख कुणी करू नये, ज्ञानाच्या पाणपोईवर कुणीही प्यावं. सवाल एवढाच होता की ज्या समाजाच्या गरजूंसाठी हा पैसा ठेवला होता, त्यांचा हिस्सा कुठे गेला?

हा सवाल नवाब अब्दुल लतीफ यांनी धरून ठेवला. सरकारी अधिकारी असूनही १८६०च्या दशकापासून ते हुगळीच्या मदरशाबद्दल, मोहसिन फंडाबद्दल सरकारकडे लिहीत राहिले. १८७१ मध्ये विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याचं भारतीय मुसलमानांवरचं पुस्तक आलं. त्यात या फंडाच्या वापरावर कडक टीका होती. आपल्याच माणसाने छापलेलं म्हटल्यावर सरकारला ते टाळता आलं नाही. १८७३ साली निर्णय झाला की हुगळी कॉलेजचा खर्च सरकारने आपल्या तिजोरीतून करायचा आणि मोहसिनचा पैसा मुस्लिम मुलांच्या तालीमसाठी मोकळा करायचा. वर्षाला पन्नास हजार रुपयांच्या आसपासची ही रक्कम, त्या काळी फार मोठी.

पैसा कसा वाटला तेही पाहा. १८७४ मध्ये ढाका, चितगाव आणि राजशाही इथे मदरसे निघाले. बंगालभरच्या सरकारी शाळा-कॉलेजांतल्या मुस्लिम मुलांची दोन तृतीयांश फी फंडातून भरली जाऊ लागली, मुलाच्या बापाने एक तृतीयांश भरायची. शिवाय हुशार मुलांना स्कॉलरशिप. म्हणजे कॉलेजच्या दारात उभं राहून वाट बघण्याऐवजी मदत शाळेच्या बाकापर्यंत गेली. फॉर्म भरायच्या आधीच गळून जाणारा मुलगा यामुळे टिकला. आजच्या योजना आखणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी जरूर वाचावी.

याच हुगळी कॉलेजातून त्याआधी, १८६० च्या दशकात, स्कॉलरशिपवर शिकून निघालेला एक मुलगा म्हणजे सय्यद अमीर अली. इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली यांचा त्याच्यावर हात होता. अमीर अली पुढे कलकत्ता हायकोर्टाचे जज झाले आणि १९०९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायमंडळावर बसणारे पहिले हिंदी. ज्या कौन्सिलपुढे मोहसिनच्या वक्फाचा खटला चालला होता, तीच ही.

मोहसिनसाहेब शिया होते, वक्फनाम्यातले धार्मिक खर्चही शिया रिवाजाचे. पण शिक्षणाच्या पैशातून शिया-सुन्नी दोन्ही घरांतली मुलं शिकली.

हुगळीचं कॉलेज आज हुगळी मोहसिन कॉलेज म्हणून चालू आहे. चितगावच्या मदरशाचं पुढे सरकारी हाजी मोहंमद मोहसिन कॉलेज झालं. ढाका विद्यापीठात त्यांच्या नावाचा हॉल आहे, तिथे गावाकडून आलेली मुलं राहून शिकतात. आणि हुगळीला इमामबाड्याच्या मनोऱ्यातलं विलायती घड्याळ दाखवायला गाईड पर्यटकांना वर घेऊन जातात, खाली नदीकडेच्या बाजूला भावा-बहिणीच्या कबरी आहेत.