मित्रासाठी पत्करलेली कारकुनी

अडचणीत सापडलेल्या मित्राला साहाय्य करावे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु ते साहाय्य आपण बहुधा सवडीने करतो. कचेरीची वेळ, घरचा प्रपंच, हाती घेतलेले लेखन-वाचन हे सारे सांभाळून जो वेळ आणि जो पैसा उरेल तो मित्राच्या वाट्याला येतो. आणि एवढे करणारा माणूसही भला समजला जातो. फ्रीडरिश एंगल्सने हा हिशेब उलटा मांडला. मित्राचे काम आधी आणि आपले काम उरल्या वेळात, अशी आयुष्याची वाटणी त्याने केली, आणि तो उरला वेळ त्याला फारसा लाभलाच नाही. कार्ल मार्क्सच्या विचारांचे पुरस्कर्ते आणि विरोधक, दोघेही एंगल्सचे नाव मार्क्सच्या नावामागोमाग एका दमात घेतात. त्यामुळे त्या सोबतीसाठी त्याने काय मोजले, हे पाहावयाचे राहून जाते.

प्रशियाच्या ऱ्हाइनलँड प्रांतातील बार्मेन या गावी एका सधन गिरणीमालकाच्या घरी २८ नोव्हेंबर १८२० रोजी त्याचा जन्म झाला. मार्क्सशी त्याची पहिली भेट १८४२ साली कोलोन येथे झाली, ती अगदीच कोरडी. १८४४ च्या ऑगस्टअखेर पॅरिसमध्ये दोघे पुन्हा भेटले, दहा दिवस बोलत राहिले, आणि मैत्री जुळली ती मार्क्सच्या मृत्यूपर्यंत टिकली. एंगल्स हा काही मोठ्या माणसाच्या छायेत वावरणारा सामान्य अनुयायी नव्हता. इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवरील त्याचा ग्रंथ १८४५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. भाषा, युद्धशास्त्र, इतिहास अशा अनेक विषयांत त्याची गती होती. पुढे जे त्याने बाजूला ठेवले त्याचे मोल कळावे म्हणून हे ध्यानात घेतले पाहिजे.

१८४८-४९ च्या क्रांत्या फसल्या आणि दोघेही निर्वासित होऊन लंडनला आले. मार्क्सजवळ पत्नी होती, लहान मुले होती आणि एका प्रचंड ग्रंथाचा संकल्प होता. उत्पन्न मात्र नव्हते. नोव्हेंबर १८५० मध्ये एंगल्स मँचेस्टरला गेला आणि वडिलांची भागीदारी असलेल्या ‘एर्मेन आणि एंगल्स’ या सुताच्या पेढीत कारकून म्हणून रुजू झाला. त्यालाही पोटापाण्याचा प्रश्न होताच, हे मान्य. पण एकट्या माणसाला निर्वाहाचे दुसरे मार्ग शोधता आले असते. ज्या धंद्याचा त्याला मनापासून तिटकारा होता, त्यात तो एकोणीस वर्षे राहिला, त्याचे मुख्य कारण लंडनमधले ते घर होते.

दिवसभर सुताचे भाव, पत्रव्यवहार आणि खातेवह्या. रात्री मित्राचे काम. टपालात गहाळ होण्याच्या भीतीने पाच पौंडांची नोट मधोमध कापून तिचे दोन तुकडे निरनिराळ्या पाकिटांतून धाडले जात. ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ने मार्क्सकडे लेख मागितले, तेव्हा मार्क्सचे इंग्रजी अजून तयार झालेले नव्हते. जर्मनीतील क्रांतीवरील पहिली लेखमाला एंगल्सने लिहून दिली आणि ती मार्क्सच्या नावावर छापली गेली. खरा लेखक कोण, हे पुढे दोघांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाल्यावर उघड झाले. युद्धविषयक लेखांचा भारही बव्हंशी त्याच्यावरच असे. आपल्याकडील १८५७ च्या उठावात दिल्ली आणि लखनौ पडले त्यांवरचे लेखही त्याचेच. सात-आठ तास कचेरीत घालवून रात्री दुसऱ्याच्या नावाने लिहीत बसणे म्हणजे काय, हे नोकरी करून लिहू पाहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

लंडनमधल्या घरावर मृत्यूचे घाले पडत होते. १८५२ साली एक वर्षाची फ्रान्झिस्का गेली, तेव्हा तिच्या शवपेटीसाठी आईला शेजारच्या निर्वासिताकडून दोन पौंड उसने आणावे लागले. १८५५ च्या एप्रिलमध्ये आठ वर्षांचा एडगर गेला. त्यानंतर मार्क्स पती-पत्नी काही दिवस आश्रयाला गेली ती एंगल्सकडेच.

या मैत्रीत एक कडू प्रसंग आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. मेरी बर्न्स ही आयरिश श्रमिक स्त्री एंगल्सची अनेक वर्षांची जीवनसंगिनी. जानेवारी १८६३ मध्ये ती अकस्मात वारली. एंगल्सने कळवले, मार्क्सचे उत्तर आले, त्यात सांत्वनाची एखाददुसरी ओळ आणि पुढे थकलेले भाडे, मुलींची शाळेची फी, सावकारांचा तगादा. एंगल्स काही दिवस गप्प राहिला आणि मग त्याने थंडपणे आपली व्यथा कळवली. मार्क्सने क्षमा मागितली. ती मागणे त्याच्या स्वभावाला सोपे नव्हते. मेरीबरोबर आपला सर्वांत जुना मित्रही गमावला नाही, याचे एंगल्सला समाधान वाटले. विशेष हे की, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस मिळेनासा होऊन मँचेस्टरचा व्यापार त्या वेळी पार बसला होता (त्याच युद्धाने मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांच्या घरी सोन्याचा धूर निघत होता). तरीही पेढीच्या व्यवहारातील शंभर पौंडांची हुंडी, स्वतः धोका पत्करून, त्याने मार्क्सकडे वळवली.

भांडवलशाहीची चिकित्सा करणारा ग्रंथ सूतगिरणीच्या नफ्यावर पोसला गेला, यावर टीकाकारांनी पुष्कळ तोंडसुख घेतले आहे. विसंगती खरीच आहे, आणि ती एंगल्सला ठाऊक नव्हती असे मानणे भोळेपणाचे होईल. मार्क्सलाही मित्राची बुद्धी आपल्यापायी व्यापारात गंजते आहे, याची टोचणी होती. १८६७ च्या एका पत्रात त्याने ती कबूल केली आहे. त्याच वर्षी ‘भांडवल’चा पहिला खंड निघाला. शेवटचे मुद्रित तपासून झाल्यावर रात्री दोन वाजता मार्क्सने आभाराचे पत्र लिहिले ते एंगल्सला.

३० जून १८६९ हा पेढीतला अखेरचा दिवस. मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर त्या वेळी एंगल्सकडे राहावयास आली होती. सकाळी बूट चढवताना त्याला झालेला आनंद आणि सायंकाळी काठी फिरवीत, गात, शेतातून घरी परतणारा एंगल्स तिच्या कायम स्मरणात राहिला. भागीदारी सोडताना मिळालेल्या रकमेतून त्याने मार्क्सला वर्षाला ३५० पौंडांची नेमणूक करून दिली होती. पुढील वर्षी तो लंडनला, मार्क्सच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहावयास आला.

आता तरी स्वतःचे काम व्हावे! १८७३ मध्ये त्याने निसर्गविज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ आरंभिला. तीन वर्षांनी ड्यूरिंग नामक अध्यापकाच्या मतांचे खंडन करण्याची गरज निर्माण झाली. तुम्ही अंथरुणात उबेला पडून अभ्यास करावा आणि मी मात्र हातचे सगळे टाकून या कंटाळवाण्या गृहस्थाशी झुंजावे, अशी कुरकुर त्याने मार्क्सपाशी केली, आणि काम केले. ही कुरकुर मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे तो पुतळा न वाटता माणूस वाटतो.

१४ मार्च १८८३ रोजी दुपारी नेहमीच्या भेटीस तो गेला तेव्हा मार्क्स आरामखुर्चीत निवर्तला होता. मागे ‘भांडवल’च्या उरलेल्या खंडांची बाडे राहिली. ते अक्षर वाचू शकणारी जेनी आधीच गेली होती. एंगल्स बासष्ट वर्षांचा होता. डोळे दुखू लागले, तेव्हा कोचावर पडून सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत तो लेखनिकाला मजकूर सांगू लागला. पुन्हा तीच कचेरीची वेळ! दुसरा खंड १८८५ मध्ये आला. तिसरा काही महिन्यांत उरकेल असे त्याला वाटले होते; तो निघाला १८९४ च्या अखेरीस. मध्यंतरी आपल्यामागे हे अक्षर कोणाला लागणार नाही या चिंतेने त्याने काउट्स्की आणि बर्नस्टाइन यांना ते वाचावयास शिकवले. मार्क्सची मूळ हस्तलिखिते १९९० च्या दशकात जशीच्या तशी छापली गेल्यापासून एंगल्सने मजकुरात किती फेरबदल केले, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. तो वाद रास्तच आहे; पण वाद घालण्याजोगे पुस्तक हाती आले ते या माणसामुळे.

५ ऑगस्ट १८९५ रोजी कर्करोगाने त्याचा अंत झाला. संपत्तीतील मोठा वाटा मार्क्सच्या मुलींना व नातवंडांना मिळाला. स्वतःची समाधी नको असे त्याने सांगून ठेवले होते; त्याप्रमाणे ईस्टबोर्नजवळ समुद्रात त्याची रक्षा सोडण्यात आली. निसर्गविज्ञानावरील त्याच्या ग्रंथाची टिपणे पुरी झालीच नव्हती. ती १९२५ साली मॉस्कोत, होती तशीच छापण्यात आली.